ऊब किती मिनिटांवर आहे?

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन कडाक्याच्या थंडीत डोंगरात सुट्टीला जावं का, या प्रश्नावर आमच्या घरात सध्या दोन ठाम मतं आहेत. एक माझ्या मुलीचं. ती पुण्यात असते, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाली आहे, आणि येत्या हिवाळ्यात तिघांनी मनालीला जायचं असं तिने मनाशी पक्कं केलंय. दुसरं मत माझ्या धाकट्या बहिणीचं. तिची सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून गेली. निवृत्त झाली तरी हाताची सवय गेलेली नाही. कुणाचंही मूल मांडीवर घेतलं की आधी त्याच्या मानेमागे हात घालून बघते.

दोघींचं बोलणं दुपारच्या चहाला सुरू झालं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं. ते इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न आता पुष्कळ घरांत आहे. आमच्या पिढीत मूल चालायला लागेपर्यंत माहेर ते सासर एवढाच प्रवास असायचा. आताच्या मुलींना तेवढं थांबायचं नाही. त्यांनी का थांबावं, हेही मला कुणी नीट पटवून दिलेलं नाही.

मुलीने सुरुवात थेट स्वीडनपासून केली. तिची जाऊ स्टॉकहोमला असते.

"मावशी, तिचा मुलगा सहा महिन्यांचा होता तेव्हापासून दुपारी बाल्कनीत झोपतो. बाहेर उणे तीन, उणे चार. बाबागाडीत अंगाला लोकर, वरून जाड पिशवी, आणि खुशाल दीड-दोन तास. तिथे पाळणाघरातही मुलांना बाहेर झोपवतात. फिनलंडचं सरकार १९३८ पासून बाळासाठी कपड्यांची पेटी देतं. आधी गरीब घरांना द्यायचे, १९४९ पासून सगळ्यांनाच. त्यात बाळाचे थंडीतले कपडे असतात, म्हणजे बाळाने थंडीत बाहेर पडायचं हे गृहीतच धरलंय. आणि आपण पंखा दोनवर केला तरी टोपडं शोधतो."

"मी कुठे म्हटलं थंडी वाईट?" बहीण म्हणाली. "आपलं माहेर निफाडचं. पारा पाचाच्या खाली उतरतो, द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या कराव्या लागतात. तुझी आई आणि मी त्याच थंडीत वाढलो. मला फक्त एक सांग. त्या बाल्कनीतून उबदार खोली किती लांब आहे?"

"दार उघडलं की खोलीच."

"आणि तू सोलांगला बर्फात उभी असशील तेव्हा तुझी खोली?"

मनालीहून सोलांग तेरा-चौदा किलोमीटर. एरवी अर्धा-पाऊण तास. ऐन हंगामात, बर्फ पडल्यावर, किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. मुलीला हे ठाऊक होतं. ती काही बोलली नाही.

"म्हणून म्हणते, अंश मोजू नकोस, मिनिटं मोज," बहीण म्हणाली. "बाळ आणि ऊब यांच्यात किती मिनिटं आहेत? दोन असतील तर उणे पाचातही ने. दोन तास असतील तर दहा अंशांतही मला विचार करावा लागेल."

मला वाटतं, संध्याकाळभर जे बोललं गेलं त्याचा गाभा हा होता. पुढे दोघी भांडल्या त्या या मिनिटांवरून.

मुलगी हार मानणारी नाही. "पण कपडे नीट असले तर? थरांवर थर घालता येतात. आतून अंगाला चिकटणारं सुती, मग लोकरीचं, वरून वारा-पाणी न शिरणारं. मोठ्याने जेवढे घातले त्याहून एक थर जास्त. मी सगळं वाचलंय."

"एक थर जास्त हे बरोबर. तीन जास्त नकोत. माझ्या वॉर्डात थंडीने गारठलेली मुलं आली तशी गुंडाळून गुंडाळून घामाने भिजवलेलीही आली. घाम आला की आतलं सुती ओलं होतं, आणि ओलं कापड बाळाला कोरड्या थंडीपेक्षा लवकर गार करतं. लंगोटाचंही तेच. डायपर तुंबला की खालून गारठा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, ते बाळाचे गारच असतात. मानेमागे आणि पोटाला हात लाव. तिथे ऊब असली तर ठीक, घाम असला तर एक थर काढ, गार असलं तर लगेच आत."

मग तिने बाळाच्या अंगाचं गणित सांगितलं, वॉर्डात नवीन मुलींना सांगत असेल तसंच. आठ किलोच्या बाळाला वजनाच्या मानाने कातडी मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि ऊब कातडीतूनच जाते. त्यात डोकं मोठं. मोठ्या माणसाच्या कातडीचा साधारण नऊ टक्के भाग डोक्या-मानेवर असतो, तान्ह्या मुलाचा अठराच्या आसपास. म्हणून बाहेर कान झाकणारी कुंची हवीच. नवजात बाळाला तर धड कुडकुडताही येत नाही. त्याच्या मानेभोवती आणि पाठीच्या वरच्या भागात एक तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब करतं. वय वाढतं तशी कुडकुडण्याची ताकद येते, पण साठा थोडाच. ती चरबी जळायला अन्न आणि प्राणवायू लागतो. गारठलेलं बाळ म्हणूनच पिणं सोडतं, मलूल होतं, शांत होतं.

"आणि आईला वाटतं, किती गुणी आहे, रडतसुद्धा नाही," बहीण म्हणाली. "मला भीती त्या शांत बाळाची वाटते. रडणारं बाळ निदान सांगत तरी असतं."

इथे मुलीने एक मुद्दा काढला आणि तो मला फार खरा वाटला. सगळे तिला सांगतात, मूल दोन वर्षांचं होऊ दे, मग जा. ती म्हणाली, "दोन वर्षांचं झाल्यावर ते सोपं होणार आहे का? हातमोजे काढून फेकेल, बर्फ तोंडात घालेल, मी धरीन तिथून पळेल. खाण्यापिण्याचे नखरे वेगळेच. आत्ता निम्मं अन्न माझ्या अंगावर आहे, उकळायचं नाही, गाळायचं नाही. झोप गाडीत लागते. जिथे ठेवीन तिथे राहतं. प्रवासाला हेच वय सोपं आहे, मावशी."

"दुधाचं पटलं," बहीण म्हणाली. "अंगावर पाजतेस ही तुझी सगळ्यात मोठी शिदोरी आहे. पण 'जिथे ठेवीन तिथे राहतं' हाच धोका आहे बघ. तू ते बाळ छातीला बांधायच्या कॅरिअरमध्ये घेणार. तू चढणार, तुला घाम येणार, तुला वाटणार की हवा छान आहे. ते मात्र हालत नाही. मोठी माणसं चालून ऊब करतात. ते नुसतं बसलेलं. पाय खाली लोंबकळतात, मांडीला पट्टा आवळलेला, रक्त नीट फिरत नाही. पायाची बोटं आधी जातात. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये तर तुला त्याचा चेहराही दिसत नाही. छातीशी असेल तर निदान तुझी ऊब त्याला मिळते आणि दर थोड्या वेळाने पायमोज्यात हात घालून बघता येतं. नाकतोंड मोकळं आहे ना, तेही दिसतं. पण तासभर चालायचं नाही."

"मग किती?"

"पहिल्या दिवशी दहा मिनिटं. आत ये, कपडे उघड, बघ. दुसऱ्या दिवशी वीस. बाळ सांगेल."

स्थानिकांचा विषय मुलीने काढला. मनालीतही बाळं जन्मतात, काश्मीरमध्येही जन्मतात, लाहौलमध्ये तर सहा-सहा महिने बर्फ. ती बाळं जगत नाहीत का? हा प्रश्न मलाही पडायचा. बहिणीचं उत्तर ऐकण्यासारखं होतं.

"जगतात, आणि चांगली वाढतात. पण ती काय करतात ते बघ. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे, चिल्ला-ए-कलान. त्या दिवसांत घरातली बाळं एका तापवलेल्या खोलीत असतात. आजी असते, आई असते, दुपारच्या उन्हाला अंगणात आणतात आणि ऊन गेलं की आत. कुणी त्यांना घेऊन रोज नवीन ठिकाण बघायला निघत नाही. आणि ज्यांना हलणं शक्य आहे ते तर खालीच येतात. हिमाचलातले गद्दी थंडी लागली की मेंढ्या घेऊन खालच्या टेकड्यांत उतरतात. जम्मूकडचे गुज्जर-बकरवाल तसेच. डोंगर ज्यांना कळतो ती माणसं थंडीत खाली येतात, आणि आपण मैदानातून उठून नेमके तेव्हा वर जातो."

"म्हणजे जाऊच नये?"

"म्हणजे तिथे जाऊन तिथल्यासारखं राहावं. एका खोलीत. उन्हाला बाहेर, ऊन गेलं की आत."

सुट्टीत मुक्काम हलवायचा नाही ही गोष्ट आपल्याला फार जड जाते. सहलीच्या कंपन्यांनी सहा रात्रींत चार गावं अशी सवय लावून ठेवली आहे, आणि पैसे दिलेत तर सगळं बघून यायचं ही आपलीही वृत्ती. मुलीच्या वहीत मनाली, सोलांग, अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू, परतताना शिमला असा बेत होता. बहिणीने ती वही ओढून घेतली आणि सिस्सूवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"बोगद्याच्या पलीकडे. नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, २०२० मध्ये सुरू झाला. बाहेर पडलं की लाहौल. तिथे बर्फ हमखास मिळतो."

"उंची?"

"तीन हजार मीटरच्या वर."

पुणे साडेपाचशे मीटरवर. मनाली दोन हजारांवर. साधारण अडीच हजारांच्या पुढे विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि तो तसं सांगतो. बाळ किरकिर करतं, दूध टाकतं, झोपत नाही. थकलं असेल, दात येत असतील, असं म्हणून आपण पुढे जातो. सर्दी झालेल्या बाळाला तर तो त्रास आणखी लवकर होऊ शकतो. त्यावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. पण उतरायचा रस्ता मोकळा असला पाहिजे.

आणि रस्त्यावर येताच बहिणीचा आवाज बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळाच्या तोंडावर सोलांग आणि अटल बोगदा यांच्यामध्ये बर्फ पडून हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या. पोलिसांनी माणसं बाहेर काढली, पण तासन् तास लोक गाडीत बसून होते. त्याच्याही आधीची, जानेवारी २०२२ ची, पाकिस्तानातल्या मरीची घटना तिला पाठ आहे. बर्फ बघायला गेलेल्या लोकांच्या गाड्या रात्री वादळात अडकल्या. वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. सगळी थंडीने गेली असं नाही. ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवलं, मागचा धुराचा नळ बर्फाने बुजला, आणि धूर गाडीत शिरला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो.

"तुझ्या गाडीत बाळ असेल," ती म्हणाली. "डायपर संपत आलेले, थर्मॉसमधलं पाणी संपलेलं, तुला स्वतःला तहान लागलेली, आणि पुढची गाडी हलत नाही. मला सांग, तेव्हा ऊब किती मिनिटांवर?"

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग ती जे बोलली ते थंडीबद्दल नव्हतंच.

"मावशी, तू जे सांगतेस ते सगळं खरं असेल. पण मी मार्चपासून त्या दोन खोल्यांत आहे गं. बाळ झोपलं की मी भांडी, ते उठलं की मी त्याची. आता ऑफिस आणि ते. नवऱ्याला वर्षातून एकदा सलग सुट्टी मिळते ती हिवाळ्यातच. लग्न झाल्यावर आम्ही दोघं ठरवून फक्त बर्फ बघायला गेलो होतो. मला ते परत हवंय. मी आई झाले म्हणून माझं सगळं दोन वर्षं थांबवायचं, आणि मी हौशी, बेजबाबदार म्हणून ऐकून घ्यायचं. तुम्ही सगळे बाळाच्या पायाची बोटं बघता. मी दिसते का कुणाला?"

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी तिची आई आहे, आणि त्या काही महिन्यांत मी तिच्याकडे जाऊन आले तेव्हा मीही आधी बाळालाच उचललं. बाळंतपणानंतर बाईच्या मनावर मळभ येतं, कधी ते महिनोन् महिने हटत नाही, हे वैद्यकाला ठाऊक आहे. घराला मात्र त्याची जाणीव उशिरा होते. एखाद्या मुलीला डोंगर बघायची ओढ लागली असेल तर ती चैन नाही. तिला पुन्हा स्वतःसारखं वाटायचं आहे. बाळाच्या भल्याचा हिशोब मांडताना आईला त्यातून वगळता येत नाही. खचलेल्या आईच्या हातातलं बाळही गारठतं, मग हवा पुण्याची असली तरी.

बहिणीने तिचा हात हातात घेतला. "जा तू," ती म्हणाली. "मी जाऊ नको म्हणून बसलेली नाही. तुला नीट जायला लावायला बसले आहे."

तिथून पुढचं बोलणं वेगळं झालं. आधी तारीख. डिसेंबर अखेर नको, त्या आठवड्यात मनालीत गाड्यांची रीघ असते. संक्रांतीला बोरन्हाण घाला, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून फोटो काढा, आणि मग फेब्रुवारीत निघा. तेव्हाही वर बर्फ असतो आणि गर्दी उतरलेली असते. दुसरं कारण लशीचं. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस द्यायची असते, आणि तिचा ताप आठवडा-दीड आठवड्याने येऊ शकतो. तो नेमका प्रवासात यायला नको. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस देता येते. पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे आत्ताच डॉक्टरांशी बोलायला हवं. हिवाळ्यात वर्षाच्या आतल्या मुलांची छाती भरवणारे विषाणू फिरत असतात, विमानतळावर तर हमखास. शिंकणाऱ्या काकांनी गालाला हात लावायला नको, एवढं आईने ठणकावून सांगावं.

मग जागा. बहिणीने पालमपूर सुचवलं. बाराशे-तेराशे मीटर, चहाचे मळे, समोर धौलाधारचा बर्फ, तांड्याचं मोठं वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. मुलीला ते पटलं नाही. "बर्फ लांबून बघायचा असेल तर मी फोनवर बघेन. मला तो पायाखाली हवा." शेवटी नग्गरवर दोघी थांबल्या. कुल्लू आणि मनालीच्या मधे, बियासच्या डाव्या तीरावर, अठराशे मीटरच्या आसपास. फेब्रुवारीत तिथे अंगणात बर्फ पडू शकतो, नाही पडला तर वर दिसतो तरी. चंदीगडहून एका दमात तीनशे किलोमीटर जायचं नाही. मध्ये मंडीला एक रात्र काढायची, ते आठशे मीटरच्या आसपास आहे. आणि मग नग्गरला चार रात्री, एकाच खोलीत. सिस्सू आणि शिमला मुलीने स्वतःच्या हाताने खोडले.

गाडीवरून परत थोडी वादावादी झाली. बाळ मांडीवर घेऊन घाटातून जाणं आपल्याकडे सर्रास चालतं. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट लागते, पण भाड्याच्या गाडीत ती नसतेच. मुलगी म्हणाली आपली नेऊ. बहीण म्हणाली नेच, फक्त जाड जॅकेट घालून त्यात बसवू नकोस. पट्टा अंगाला लागतो असं वाटतं, पण तो जॅकेटला लागलेला असतो, आणि धक्का बसला की बाळ त्यातून निसटतं. जॅकेट काढायचं, पट्टा आवळायचा, वरून दुपटं टाकायचं. गाडीचा हीटर असतो तेव्हा जॅकेटची गरजही नसते.

खोलीबद्दल बहीण सगळ्यात कडक होती, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. दिवसा चार डोळे बाळावर असतात; रात्री सगळे थकून झोपतात. बंद खोलीत कोळशाची अंगीठी, सिगडी, कांगडी काहीही नको, खिडकी फटभर उघडी असली तरी नको. बाथरूममधला गॅस गीझर चालू ठेवून बाळाला तिथे न्यायचं नाही. हॉटेलची जाड रजई आई-बाबांनी घ्यावी, बाळावर घालू नये, आणि बाळाला दोघांच्या मधे त्या रजईखाली तर मुळीच घेऊ नये. बाळाला अंगात घालायची झोपायची पिशवी, पाठीवर झोपवलेलं, डोकं मोकळं. बाहेर हवी असलेली कुंची आत नको, कारण जास्तीची उष्णता बाळ डोक्यातूनच टाकतं, आणि फार गरम झालेलं तान्हं बाळ झोपेत दगावायचा धोका असतो. खोली वीस अंशांच्या आसपास पुरे. हीटरने हवा कोरडी होते, नाक चोंदतं. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत, तेलाचे नाहीत.

"शेजारच्या काकूंनी सांगितलंय, ब्रँडीचे दोन थेंब आणि मधात उगाळलेलं जायफळ द्यायचं," मुलगी म्हणाली, आणि आम्ही दोघी एकदमच "नाही" म्हणालो. दारूने रक्तवाहिन्या फुगतात आणि ऊब उलट बाहेर पडते. मध तर वर्षाच्या आत देऊच नये, त्यातल्या जंतूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. कापराचं मलम छातीला, नाकाला लावायचं नाही. ओव्याची धुरीही नको. धूर तो धूरच.

खाण्याचं लवकर आटोपलं. नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं खिमट, आणि छोटा प्रेशर कुकर. दोन हजार मीटरवर पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, भात-डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. आईने स्वतः पाणी प्यायचं, थंडीत तहान कळत नाही. उन्हाचं मात्र बहिणीने आवर्जून सांगितलं. बर्फावरून ऊन परततं, ताज्या बर्फावरून तर बहुतेक सगळंच, आणि बाळाच्या गालांची कातडी पातळ. सहा महिन्यांनंतर चेहऱ्याला थोडं सनस्क्रीन चालतं, पण पुढे झाप असलेली टोपी आणि सावली बरी. गालावरची लाळ पुसून पेट्रोलियम जेली लावायची, नाहीतर वाऱ्याने गाल फुटतात.

आणि बर्फ? सोलांगला सकाळी एकाने जायचं, दुपारी दुसऱ्याने. बाळ खोलीत, कुणा एकाजवळ. मुलीला हे आवडलं नाही. "मग तिघं एकत्र कधी?"

"नग्गरच्या अंगणात. दार पाठीशी ठेवून."

"आणि अंगणात पडलाच नाही तर?"

"तर नाही," बहीण म्हणाली. यावर त्यांचं जुळलं नाही, आणि मला वाटतं जुळणारही नाही. बहिणीच्या मते न दिसलेला बर्फ हे नुकसानच नव्हे. मुलीच्या मते तिघांचा न निघालेला एक फोटोही नुकसानीच्या खात्यात धरावा लागतो. तिने ठरवलंय, आकाश स्वच्छ असेल, रस्ता मोकळा असेल आणि गर्दीचा दिवस नसेल तर ती एका सकाळी बाळाला घेऊन सोलांगला जाईल, गाडीतून उतरून दहा मिनिटं थांबेल, आणि दुपारच्या आत परतेल. बहीण म्हणाली, ढग दिसला की वळायचं आणि वळताना नवऱ्याशी वाद घालायचा नाही, हे आत्ताच दोघांनी कबूल करा. ते तिने कबूल केलं.

जेवण झाल्यावर मुलीने नग्गरच्या एका हॉटेलला फोन लावला. दर, जेवण, गरम पाणी असं विचारून झालं तेव्हा बहिणीने हळूच खुणावलं. मुलीने विचारलं, वीज गेली तर खोली कशाने तापवता? पलीकडचा माणूस फार आपुलकीने म्हणाला, काळजी करू नका, बाळासाठी आम्ही खोलीत अंगीठी आणून देऊ.

तिने त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि दुसरा नंबर फिरवला. तिथे जनरेटरवर खोलीतला विजेचा हीटर रात्रभर चालतो असं कळलं. तिने खोली राखून ठेवायला सांगितली, आणि या वेळी कुणी न खुणावता पुढचं विचारलं: रात्री बर्फ पडला तर सकाळी तुमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट कोण मोकळी करतं, आणि साधारण किती वाजेपर्यंत?